प्रबंध मंजूर झाला, आता त्यातून शोधनिबंध कसा काढायचा?

प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्रात पीएच.डी. झाली आहे. प्रबंध मराठीत, सव्वातीनशे पानांचा, विषय ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास’. पदोन्नतीसाठी शोधनिबंध हवे आहेत. एका परदेशी प्रकाशनाचा ‘तुमचा प्रबंध पुस्तकरूपात विनामूल्य छापतो’ असा ईमेल आला आहे. एक मासिक दोन हजार रुपयांत, आठ दिवसांत, प्रबंधातले एक प्रकरण जसेच्या तसे छापायला तयार आहे. यूजीसी-केअर यादी (विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी) तर आता राहिलीच नाही. मग निबंध पाठवायचा कुठे, आणि मुळात प्रबंधाचा निबंध करायचा कसा?

आधी त्या दोन निमंत्रणांविषयी. दोन्ही नाकारा.

पुस्तकाचा ईमेल हा शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे ऑनलाइन भांडार) नाव आलेल्या बहुतेकांना येतो. तिथे कोणी तुमचा मजकूर वाचत नाही, संपादन करत नाही, मुद्रितशोधनही करत नाही. फाइल तुम्हीच लावून द्यायची, ते आयएसबीएन देतात आणि मागणीप्रमाणे प्रती छापतात. आयएसबीएन हा गुणवत्तेचा शिक्का आहे हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो पुस्तकाचा नोंदणी क्रमांक आहे, त्याहून जास्त काही नाही. तोटा मात्र खरा होतो: करारात हक्क लिहून दिलेत की पुढे चांगला प्रकाशक त्या मजकुराला हात लावायला कचरतो. प्रबंधाचे चांगले पुस्तक होऊ शकते, पण ते पुन्हा लिहावे लागते आणि त्याला वर्ष-दोन वर्षे जातात. म्हणून आधी निबंध, पुस्तक मागाहून.

आठ दिवसांचे म्हणाल, तर साधा हिशेब करा. संपादकाने निबंध चाळायला आठवडा, दोन परीक्षक शोधून त्यांचा होकार मिळवायला दोन-तीन आठवडे, त्यांना वाचायला महिनाभर, तुम्हाला दुरुस्तीला महिना. आठ दिवसांत यातल्या पहिल्या टप्प्यापुढे काहीच होऊ शकत नाही. म्हणजे परीक्षण झालेलेच नाही, आणि ‘पिअर रिव्ह्यूड’ (तज्ज्ञांनी परीक्षण केलेले) हा मुखपृष्ठावरचा शब्द खोटा आहे. शिवाय एकदा छापलेले प्रकरण दुसरीकडे पाठवता येत नाही. तीन वर्षे गावोगाव, फडावर फिरून जमवलेली माहिती दोन हजार रुपयांत स्वतःच वाया घालवण्यासारखे आहे हे. मला सर्वांत जास्त वाईट याचेच वाटते, कारण असली माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते.

आता मूळ कामाकडे.

प्रबंधातून दावा वेगळा काढणे

प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. ‘मला हे सगळे माहीत आहे, मी सगळे वाचले आहे, पद्धत नीट वापरली आहे’ हे त्यात सिद्ध करायचे असते. शोधनिबंधाच्या वाचकाला तुमची परीक्षा घ्यायची नसते. त्याला एक नवी गोष्ट कळायला हवी असते आणि ती खरी कशावरून, हे पाहायचे असते. त्यामुळे ‘प्रकरण चार कापून सात हजार शब्दांत बसवले’ असा निबंध जवळजवळ नेहमी परत येतो. प्रकरण हा प्रबंधाचा भाग असतो, निबंधाचे एकक असतो दावा.

दावा शोधायची रीत सोपी आहे, कष्टाची आहे. प्रबंध बाजूला ठेवा. कोऱ्या कागदावर, प्रबंध न उघडता, क्षेत्रकामात जे कळले आणि आधी माहीत नव्हते अशी वाक्ये लिहा. प्रत्येक वाक्य पंचवीस शब्दांच्या आत. मग प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: जाणकार माणूस याला ‘नाही, मला पटत नाही’ म्हणू शकतो का? ‘ऊसतोड कामगारांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे’ याला कोणीच नाही म्हणणार नाही, म्हणून तो दावा नाही. ‘उचल जोडीच्या नावावर ठरते, पण तिचा विनियोग एकटा पुरुष ठरवतो, आणि म्हणून बाई दुसऱ्या हंगामातही त्याच मुकादमाकडे बांधलेली राहते’ यावर वाद होऊ शकतो. तो दावा आहे. (उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, मिळणारी आगाऊ रक्कम.) तुमच्या माहितीतून तो सिद्ध होतो की नाही, हे तक्ते आणि मुलाखती पाहून ठरेल.

अशा विषयातून सहसा दोन किंवा तीन निबंध निघतात. पाच-सहा काढायचा मोह टाळा. एकच निष्कर्ष पातळ करून चार ठिकाणी छापणे संपादकांच्या लक्षात येते, आणि त्याचे नाव चांगले नाही. वरच्या विषयात उचल आणि घरातले निर्णय हा एक निबंध, हंगामात गावी राहिलेल्या किंवा सोबत नेलेल्या मुलांची शाळा हा दुसरा, आणि मुकादम हा सावकार, ठेकेदार आणि भावकीतला माणूस एकाच वेळी कसा असतो हा तिसरा. तिन्हींचे वाचक वेगळे, म्हणून नियतकालिकेही वेगळी.

नियतकालिक आधी, लेखन नंतर

हा क्रम बहुतेक जण उलटा करतात. निबंध लिहून झाल्यावर ‘आता कुठे पाठवू’ असे विचारले तर निम्मे लेखन पुन्हा करावे लागते. दावा ठरला की आपल्याच प्रबंधाची संदर्भसूची उघडा आणि कोणत्या नियतकालिकाचे नाव सर्वाधिक वेळा आले आहे ते मोजा. तुम्ही ज्यांचे वाचून लिहिले, त्यांचेच वाचक तुम्हाला हवे असतात. त्यातली तीन निवडा. प्रत्येकाच्या गेल्या दोन वर्षांच्या अनुक्रमणिका वाचा, आणि तुमच्या विषयाच्या जवळचा एक निबंध पेन्सिल घेऊन वाचा: प्रस्तावना किती परिच्छेदांची, दावा कितव्या परिच्छेदात येतो, तक्ते किती, संदर्भ किती, मुलाखतींतली अवतरणे किती लांब. लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यातच, पण छापलेला निबंध जे शिकवतो ते सूचनांत नसते.

आता खऱ्या-खोट्याची ओळख. यूजीसीने २०१८ मध्ये केअरची घोषणा केली आणि त्या यादीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्रातून चालत असे. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांचे विश्लेषण आले होते. जुन्या यूजीसी-मान्य यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या १,००९ नियतकालिकांची त्यांनी तपासणी केली, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची ठरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीही बंद केल्याचे जाहीर केले आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व प्राध्यापकांवर सोडली. म्हणून पहिले काम कागदी आहे: सध्या कोणते निकष लावले जातात, हे महाविद्यालयाच्या आयक्यूएसीकडून (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडून) आणि विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका. पदोन्नतीची समिती तीन वर्षांनी बसते, तेव्हा तोंडी सांगणारा माणूस त्या खुर्चीत नसतो.

दुसरे काम पडताळणीचे. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक, घ्या आणि आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर टाकून नाव, देश, प्रकाशक जुळतो का पाहा. मुळात बनावट क्रमांक तर कागदावरच पकडता येतो. आठ अंकांपैकी पहिल्या सातांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचे, बेरीज करायची, ११ ने भागून उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. जे येईल तो आठवा अंक. बाकी शून्य असेल तर आठवा अंक शून्य, आणि उत्तर १० आले तर त्या जागी रोमन दहाचे चिन्ह असते. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चा क्रमांक ००१२-९९७६ आहे. गुणाकार ०, ०, ६, १०, ३६, २७, १४, बेरीज ९३, ११ ने भागल्यावर बाकी ५, ११ वजा ५ म्हणजे ६. जुळले. मात्र क्रमांक खरा असला म्हणजे नियतकालिक चांगले असे होत नाही. आयएसएसएनसुद्धा नोंदणीच आहे.

याहून फसवी गोष्ट म्हणजे क्लोन. जुन्या, प्रतिष्ठित नियतकालिकाचे नाव आणि क्रमांक उचलून कोणीतरी नवे संकेतस्थळ उभे करतो आणि पैसे घेऊन निबंध ‘छापतो’. केअरच्या संकेतस्थळावर अशा क्लोनची वेगळी यादीच द्यावी लागली होती. ओळखायचे असे: मूळ नियतकालिक ज्या संस्थेचे आहे तिच्या संकेतस्थळावरून आत जा, गूगलने दाखवलेल्या पहिल्या दुव्यावरून नको. ग्रंथालयात जुना छापील अंक असेल तर त्यावरचा पत्ता आणि संपादकाचे नाव पडताळा. संपादक मंडळातल्या दोन जणांना त्यांच्या विद्यापीठाच्या ईमेलवर ‘आपण या मंडळावर आहात का’ एवढेच विचारा. ज्यांची नावे परस्पर टाकलेली असतात, ते आवर्जून उत्तर देतात.

बाकीची लक्षणे डोळ्यांना दिसतात. एकाच अंकात रसायनशास्त्र, मराठी संतसाहित्य आणि शारीरिक शिक्षण; एका अंकात दीडशे निबंध; व्हॉट्सॲपवरून निबंध स्वीकारणे; फीसाठी व्यक्तीच्या नावाचा यूपीआय क्रमांक; आणि मुखपृष्ठावर ५.८७ किंवा ७.१४ असा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनी देते आणि तो तिच्या वेब ऑफ सायन्स या सूचीतल्या नियतकालिकांनाच असतो. स्कोपस या दुसऱ्या सूचीचा आकडा साइटस्कोअर या नावाने येतो. तिसऱ्याच संस्थेचे प्रमाणपत्र दाखवणारा संपादक तुम्हाला फसवत तरी आहे किंवा स्वतः फसलेला तरी. परिसंवादाचा ‘विशेषांक’ही नीट पाहून घ्या. परिसंवादाच्या नोंदणी शुल्कातच प्रकाशन मिळत असेल तर परीक्षण झालेले नसते.

लिहायचे कोणत्या क्रमाने

सात हजार शब्दांचा निबंध धरू. साधारण वाटणी अशी ठेवा: प्रस्तावना ९००, आधीच्या अभ्यासांशी संवाद ९००, पद्धत ७००, निष्पत्ती २,८००, चर्चा १,२००, समारोप ५००. प्रबंधात संदर्भ साहित्याचा आढावा साठ पानांचा असतो, इथे त्याचे नऊशे शब्द होतात. त्यात ‘अमुक यांनी अमुक साली असा अभ्यास केला’ अशी नोंदवही लिहायची नसते. कोणते दोन-तीन अभ्यास तुमच्या दाव्याच्या सर्वांत जवळ येतात आणि नेमके कुठे थांबतात, एवढेच सांगायचे.

लिहायला बसताना सुरुवात तक्त्यांपासून करा. प्रबंधात प्रश्नावलीतल्या प्रत्येक प्रश्नाला एक तक्ता असतो: ‘तक्ता क्र. ४.१७: उत्तरदात्यांचे वयोगटानुसार वर्गीकरण’, आणि खाली त्याच आकड्यांचे वाक्यांत रूपांतर. निबंधात तीन किंवा चार तक्ते, आणि प्रत्येक तक्ता दाव्यातल्या एका दुव्यासाठी. वय, जात, शिक्षण, जमीन ही सगळी पार्श्वभूमी एकाच तक्त्यात बसते. तक्ते ठरले की निष्पत्ती लिहा, मग पद्धत, मग चर्चा, मग प्रस्तावना. सारांश सर्वांत शेवटी, दीडशे ते अडीचशे शब्द: प्रश्न काय, माहिती कुठली, काय सापडले, त्याने काय बदलते. ‘प्रस्तुत निबंधात चर्चा करण्यात आली आहे’ असे सारांशात लिहू नका, चर्चेतून काय निघाले ते लिहा.

पद्धतीत एक चूक या विषयावरच्या प्रबंधांत वारंवार होते, म्हणून थोडे थांबतो. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. समजा तुमच्याकडे ४२० उत्तरदाते आहेत आणि ते २१० कोयत्यांतले आहेत. त्यांना ४२० स्वतंत्र व्यक्ती धरून काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींतला संबंध निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासणारी) लावली तर ती चूक ठरते, कारण एकाच पालात (तात्पुरत्या झोपडीत) राहणाऱ्या, एकच उचल फेडणाऱ्या दोघांची उत्तरे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. चाचणीचे गृहीतकच मोडते आणि निकाल आहे त्यापेक्षा ठाम दिसतो. चांगला परीक्षक हे पहिल्याच वाचनात पकडतो. उपाय अवघड नाही: विश्लेषणाचे एकक जोडी धरा, आणि नवरा व बायकोची उत्तरे कुठे जुळतात, कुठे जुळत नाहीत हे जोडीगणिक दाखवा. बरेचदा निबंधातली सर्वांत नवी गोष्ट त्या न जुळण्यातच सापडते. आणखी एक: तक्त्यातल्या चौकटीतली अपेक्षित वारंवारता पाचाखाली जात असेल तर गट एकत्र करा किंवा लहान आकड्यांसाठी असलेली फिशरची चाचणी वापरा.

मुलाखतींसाठी संमती कशी घेतली, नावे कशी झाकली, हे दोन-तीन वाक्यांत लिहा. आपल्याकडे सामाजिक शास्त्रांच्या अनेक प्रबंधांना नीतिसमितीची परवानगी घेतलेली नसते. तशी नसेल तर जे केले ते प्रामाणिकपणे लिहा. मागच्या तारखेचे पत्र तयार करून घेऊ नका. एवढ्या एका कागदापायी छापलेला निबंध मागे घ्यावा लागू शकतो.

प्रस्तावनेचा फरक उदाहरणाने दाखवतो. प्रबंधाची सुरुवात साधारण अशी असते:

‘भारत हा कृषिप्रधान देश आहे. शेती हा भारतीय अर्थव्यवस्थेचा कणा मानला जातो. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. या कारखानदारीत ऊसतोड कामगार हा महत्त्वाचा घटक आहे.’

चार वाक्ये झाली आणि वाचकाला आधी माहीत नव्हते असे काहीच आले नाही. निबंधात तीच जागा अशी वापरता येते:

‘ऊसतोडीच्या हिशेबात माणूस मोजला जात नाही, कोयता मोजला जातो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मुकादमाकडून मिळणारी उचल या जोडीच्या नावाने ठरते आणि ती दोघांच्या श्रमातून फिटते. पण ती किती घ्यायची आणि कशावर खर्च करायची, हा निर्णय दोघांचा असतो का? बीड जिल्ह्यातील तीन तालुक्यांतल्या २१० जोड्यांच्या स्वतंत्र मुलाखतींच्या आधारे या निबंधात असे दाखवले आहे की…’

पुढे दावा. इथे पहिल्या परिच्छेदातच विषय, प्रश्न, माहिती आणि उत्तर चारही आले. कृषिप्रधान देश कुठेच लागला नाही.

मराठी प्रबंध, इंग्रजी निबंध

इंग्रजीत लिहायचे असेल तर मराठी मजकूर यंत्राने भाषांतरित करून त्याला डागडुजी करू नका. मराठी प्रबंधाची लांब, कर्मणी वाक्ये इंग्रजीत तशीच उतरतात आणि संपादक पहिल्या पानावर थांबतो. दाव्याचा आराखडा मराठीत करा, निबंध थेट इंग्रजीत लिहा, मग इंग्रजी चांगले असलेल्या सहकाऱ्याला फक्त पहिली चार पाने वाचायला द्या. उचल, कोयता, मुकादम, टोळी, पाल हे शब्द तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात अर्थ सांगा. उचलीला नुसते ‘ॲडव्हान्स’ म्हटले की तिच्यातले बांधलेपण निघून जाते, आणि तुमचा निबंध तर त्या बांधलेपणावरच उभा आहे. एआयच्या साधनाने भाषा सुधारून घेतली असेल तर नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे तसे नमूद करा. संदर्भ मात्र त्याला कधीच विचारू नका, अस्तित्वात नसलेली पुस्तके ते खऱ्यासारखी लिहून देते.

मराठीत लिहायचे असेल तर जागा आहेत: ‘समाज प्रबोधन पत्रिका’, वाईचे ‘नवभारत’, भाषेच्या विषयासाठी ‘भाषा आणि जीवन’, इतिहासासाठी भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक. पदोन्नतीत ते कसे धरले जातील हे आधी लेखी विचारा, पण केवळ त्यासाठी मराठी सोडू नका. ज्या जिल्ह्याबद्दल लिहिले तिथल्या कार्यकर्त्याला, शिक्षकाला, कामगार संघटनेला वाचता येईल असा निबंध मराठीतच होतो. तोच निबंध दोन्ही भाषांत द्यायचा तर दोन्ही संपादकांना आधी कळवा आणि दुसऱ्या ठिकाणी तशी टीप छापा. न कळवता केले तर ते दुबार प्रकाशन.

मराठी फाइल युनिकोडमध्येच हवी. प्रबंध डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतला असेल, तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात मराठी दिसतच नाही. अहवालात शून्य टक्के येते आणि त्याला काहीच अर्थ नसतो. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्या’ हे तीन प्रकार हाताने तपासा. ‘कामगारांच्या’ शाबूत राहते, ‘शेतकऱ्यांच्या’ तुटते.

संदर्भांत आपल्या खास अडचणी दोन. मराठी पुस्तकाचे नाव इंग्रजी निबंधात रोमन लिपीत देऊन पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ द्यायचा, आणि लिप्यंतर सगळीकडे एकाच पद्धतीने करायचे. जुन्या पुस्तकांवर शक वर्ष असते, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येते, आणि पौषाच्या मध्यापासून पुढचे महिने असतील तर ७९. शके १८३२ म्हणजे १९१०-११. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा. शंभर संदर्भ हाताने जुळवताना वर्ष आणि पानक्रमांक चुकतातच.

साम्य, नावे आणि पाठवणी

प्रबंध शोधगंगेवर असल्याने साम्याच्या अहवालात तुमचाच प्रबंध दिसेल, इंग्रजी प्रबंध असलेल्यांना तर नक्कीच. घाबरू नका, लपवूही नका. संपादकाला लिहिलेल्या पत्रात ‘हा निबंध माझ्या पीएच.डी. प्रबंधावर आधारित आहे, प्रबंध शोधगंगेवर उपलब्ध आहे, निबंधातला दावा व मांडणी नवी आहे’ असे स्पष्ट लिहा. बहुतेक नियतकालिके हे मान्य करतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, १० ते ४० ही पुढची पातळी. पण टक्का हा निवाडा नाही. आठ टक्के साम्य एकाच माणसाच्या दोन परिच्छेदांतून आले असेल तर ती चोरीच आहे, आणि पंधरा टक्के संस्थांची नावे व संदर्भसूची यांतून आले असतील तर काहीच नाही. अहवाल उघडून ओळ-ओळ पाहा.

मार्गदर्शकांचे नाव घालायचे का, यावरून नाती बिघडतात. ज्याने कल्पना, माहिती किंवा विश्लेषण यांत भर घातली, मसुदा वाचून सुधारला आणि जो मजकुराची जबाबदारी घेतो, तो लेखक. फक्त मार्गदर्शक असणे पुरेसे नाही, त्यासाठी ऋणनिर्देश आहे. नाव असेल तर क्रम आणि पत्रव्यवहाराचा लेखक पहिला मसुदा लिहिण्याआधी ईमेलवर ठरवून घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सामाजिक शास्त्रांत निबंधाला १० गुण असतात. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. त्याहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि इतरांना प्रत्येकी ३०. प्राचार्यांचे नाव भिडेखातर तिसरे घातले तर तुमच्या सहलेखकाचे सात गुण तीनवर येतात.

पाठवताना मूळ प्रतीतून तुमची ओळख पुसा. नाव काढले तरी वर्डच्या फाइल-माहितीत लेखकाचे नाव राहते, ‘माझ्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे’ हे वाक्य राहते, ऋणनिर्देश राहतो. तिन्ही पाहा. ओआरसीआयडीचा, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांक मोफत मिळतो, तो काढून ठेवा आणि नावाचे इंग्रजी स्पेलिंग कायमचे एकच ठरवा. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांना याचा विशेष उपयोग होतो. एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवा. चार महिने उत्तर आले नाही तर दोन ओळींचा ईमेल करायला हरकत नाही. सहा महिन्यांनंतरही काही नसेल तर लेखी कळवून निबंध मागे घ्या, मगच दुसरीकडे द्या.

फीबद्दल: पैसे मागणारे प्रत्येक नियतकालिक खोटे नसते. मुक्त प्रवेशाची प्रतिष्ठित नियतकालिके स्वीकृतीनंतर मोठी रक्कम घेतात. पण सामाजिक शास्त्रांत फी न घेणारी चांगली नियतकालिके भरपूर आहेत, आणि पगारातून पैसे भरायचे कारण नाही. मुक्त प्रवेश हवा असेल तर परीक्षणानंतरची, छपाईपूर्वीची स्वीकृत प्रत संस्थेच्या भांडारात ठेवायची मुभा अनेक प्रकाशक देतात. काहींची त्यासाठी ठरावीक मुदत असते. ती करारात शोधा आणि सही करण्याआधी शोधा.

परीक्षकांचे अभिप्राय

‘मोठ्या दुरुस्त्या करा’ असे उत्तर ही चांगली बातमी असते. अनेक नवे लेखक ती नकार समजून निबंध कपाटात ठेवतात. अभिप्राय वाचा, दोन दिवस काही करू नका, मग तीन रकान्यांचा तक्ता करा: परीक्षकाचे वाक्य जसेच्या तसे, तुम्ही काय केले, कुठे केले.

समजा परीक्षक म्हणतो, ‘नमुना तीनच तालुक्यांतला आहे, जिल्ह्याबद्दल विधान करता येणार नाही.’ ‘आदरणीय परीक्षकांची सूचना मान्य, योग्य ती सुधारणा केली आहे’ हे उत्तर निरुपयोगी आहे, कारण संपादकाला काहीच तपासता येत नाही. असे लिहा: ‘आक्षेप बरोबर आहे. शीर्षकात “बीड जिल्हा” ऐवजी “बीडमधील तीन तालुके” केले (पान १). तालुके निवडण्याचे कारण पद्धतीत जोडले (पान ७, परिच्छेद ३). समारोपातली जिल्ह्याबद्दलची दोन विधाने काढली (पान १९).’ न पटणारी सूचना नाकारताही येते. कारण द्या, शक्य तर आकडा द्या, आणि तरीही वाचकाचा तसा गैरसमज होऊ नये म्हणून मजकुरात एक वाक्य घाला. परीक्षकाचा गैरसमज झाला असेल तर चूक बहुधा तुमच्या वाक्यात असते. दोन परीक्षक उलटसुलट सांगत असतील तर तुम्ही कोणाचे ऐकले आणि का, हे संपादकाला उद्देशून लिहा.

नकारच आला तर तो न वाचता आलेला आहे की वाचून, हे पाहा. आठवड्याभरात आलेला नकार बहुधा ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ असा असतो, तिथे निवड चुकली. यादीतल्या दुसऱ्या नियतकालिकाची मांडणी करून पंधरा दिवसांत पाठवा. परीक्षण होऊन आलेल्या नकारातले अभिप्राय मात्र दुरुस्तीच्या तक्त्यात घालूनच पुढे जा, कारण छोट्या विषयात परीक्षक मोजकेच असतात आणि तोच निबंध पुन्हा त्याच माणसाच्या टेबलावर जाऊ शकतो.